‘गोळा करणे’ म्हणजे काय? : स्नोडेनने फोडलेले कागद आणि पाळतीच्या कायद्याची भाषा



ही समीक्षेची व्याख्यानमाला, आणि आज समोर ना कादंबरी आहे ना नाटक. आज आपण काही सरकारी वाक्यं वाचणार आहोत, तीही अमेरिकी. विषय जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी कळवलं की हा वकिलांचा प्रांत, तुम्ही त्यात कशाला शिरता? आम्ही वकील नाही, हे खरंच. पण मजकुरात एखादा शब्द काय काम करतो आणि कुठे अंग चोरतो, हे पाहणं हाच आमचा धंदा. २०१३ साली एडवर्ड स्नोडेनने जे कागद फोडले, त्यांत लोकांना धक्का बसला तो यंत्रांचा. आम्हाला बसला तो शब्दकोशाचा.

प्रकरण सर्वांना ढोबळ ठाऊक आहे, म्हणून ते फार उगाळत नाही. हवाईमध्ये एका कंत्राटदार कंपनीमार्फत नॅशनल सिक्युरिटी एजन्सीसाठी, म्हणजे एनएसए या अमेरिकी हेरसंस्थेसाठी, काम करणारा २९ वर्षांचा संगणक-कर्मचारी गुप्त कागद घेऊन मे २०१३ मध्ये हाँगकाँगला गेला, तिथे पत्रकारांना भेटला आणि जूनमध्ये बातम्या सुरू झाल्या. पुढे तो मॉस्कोच्या विमानतळावर अडकला आणि रशियातच राहिला. हुतात्मा की गद्दार, हा वाद तेव्हापासून चालू आहे. तो आम्ही बाजूला ठेवणार आहोत. का, ते पुढे येईल.

सुरुवात एका प्रश्नोत्तरापासून करू. तारीख १२ मार्च २०१३, म्हणजे कागद फुटण्याच्या आधीची. अमेरिकी सिनेटच्या गुप्तचर समितीची खुली सुनावणी चालू होती. ऑरेगनचे सिनेटर रॉन वायडन यांनी राष्ट्रीय गुप्तचर संचालक जेम्स क्लॅपर यांना विचारलं की लाखो किंवा कोट्यवधी अमेरिकनांची कुठल्याही प्रकारची माहिती एनएसए गोळा करते का? क्लॅपर म्हणाले, नाही सर. वायडन यांनी पुन्हा विचारलं, नाही करत? त्यावर उत्तर आलं, जाणूनबुजून तरी नाही. हे म्हणताना त्यांचा हात कपाळावर फिरत होता. चित्रफीत सहज मिळते, जरूर बघा. हा प्रश्न अचानक आलेला नव्हता; वायडन यांच्या म्हणण्याप्रमाणे तो आदल्या दिवशीच संचालकांच्या कार्यालयाला कळवलेला होता.

सुमारे बारा आठवड्यांनी, ५ जूनला, ‘द गार्डियन’ने एक न्यायालयीन आदेश छापला. व्हेरायझन समूहातल्या एका कंपनीला तो दिलेला होता. अमेरिकेतल्या अमेरिकेत आणि अमेरिकेतून परदेशी होणाऱ्या सगळ्या कॉलच्या नोंदी, कोणी कोणाला केव्हा आणि किती वेळ फोन केला ते सर्व, रोजच्या रोज एनएसएला द्यायचं. संशयितांच्या नोंदी असा भेदच त्यात नव्हता. सरसकट सगळ्यांच्या.

आता तुम्ही म्हणाल, मग हा साधा खोटेपणा झाला, त्यात वाचण्यासारखं काय? आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण क्लॅपर यांनी नंतर दिलेली स्पष्टीकरणं लागोपाठ वाचा. त्यांनी समितीला पत्र पाठवून आपलं उत्तर चुकीचं होतं हे कबूल केलं, तेव्हा आपल्या डोक्यात दुसराच कार्यक्रम होता असं सांगितलं. त्याआधी दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत मात्र त्यांनी वेगळंच सांगितलं होतं. आपण त्यातल्या त्यात कमीत कमी असत्य उत्तर दिलं, असं ते म्हणाले, आणि एक रूपक वापरलं. एक अफाट ग्रंथालय आहे असं समजा. पुस्तकं शेल्फवर आहेत, तेवढ्याने ती ‘गोळा केली’ असं होत नाही. पुस्तक खाली काढून, उघडून वाचलं, तर ते गोळा करणं.

रूपक सुबक आहे, आणि इथेच थांबायला हवं. ग्रंथालयातली पुस्तकं ग्रंथालयाने विकत घेतलेली असतात. इथली पुस्तकं लोकांच्या घरांतून, त्यांना न सांगता आणून लावलेली, आणि पाच वर्षं ठेवायची सोय केलेली. रूपकाने शेल्फ दाखवला आणि पुस्तक तिथे कसं आलं तेवढं गाळलं.

पण हे रूपक क्लॅपर यांना ऐन वेळी सुचलेलं नाही. त्यामागे नियम आहे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या १९८२ सालच्या नियमावलीत ‘गोळा करणे’ या क्रियापदाची व्याख्या होती. माहिती गोळा झाली असं केव्हा धरायचं? खात्याच्या हेरविभागातला एखादा कर्मचारी आपल्या कामासाठी वापरायला ती स्वीकारेल तेव्हा. आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने आलेली माहिती असेल, तर ती समजेल अशा रूपात आणली जाईल तेव्हा. त्याआधी ती सर्व्हरवर कितीही दिवस पडून असो, ‘गोळा’ झालेली नाही.

आपल्याकडचा दाखला घ्या. तुमच्या शेतातला ऊस कोणीतरी रातोरात तोडला, ट्रॉलीत भरला आणि कारखान्याच्या आवारात नेऊन टाकला. तुम्ही तक्रार करायला गेलात तर साहेब सांगतात, अहो, अजून तो गव्हाणीत कुठे पडलाय? गव्हाणीत पडला की ‘नेला’ म्हणायचं.

आम्ही शब्दांचा कीस काढतोय असं काहींना वाटेल. पण हा कीस सरकारने काढलेला आहे, आम्ही फक्त तो गोळा करतोय (रोजच्या अर्थाने). मुद्दा साधा आहे. बोलीत ‘घेणं’ हे ज्याच्याकडून घेतलं त्याच्या बाजूने ठरतं. माझ्या घरातून वस्तू गेली म्हणजे ती घेतली. नियमावलीत तेच क्रियापद घेणाऱ्याच्या बाजूने ठरवलेलं आहे. त्याने पाहिलं तरच घेतलं. एकदा कर्त्याची बाजू अशी बदलली की कोट्यवधी लोकांच्या नोंदी कोणीही गोळा न करता गोळा होऊ शकतात. म्हणून क्लॅपर खोटं बोलले की नाही यापेक्षा आम्हाला हे गंभीर वाटतं, की खरं बोलायचं ठरवलं असतं तरी ‘नाही’ म्हणता येईल अशी भाषा त्यांच्या हाताशी तयार होती.

दुसरा शब्द ‘संबंधित’. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर सहा-सात आठवड्यांत पॅट्रियट कायदा आला. त्याच्या कलम २१५ प्रमाणे दहशतवादाच्या अधिकृत तपासासाठी कंपन्यांकडून कागदपत्रं मागवता येत असत. २००६ साली त्यात शब्द घातला गेला, की ही कागदपत्रं तपासाशी ‘संबंधित’ असली पाहिजेत. मर्यादा म्हणून घातला हो! मग सरकारने न्यायालयाला सांगितलं की दहशतवाद्यांचे कॉल कुठल्या तरी नोंदींत असणार, ते कुठल्या हे आधी कळत नाही, म्हणून सगळ्याच नोंदी संबंधित आहेत. आणि न्यायालयाने ते मान्य केलं. सुई सापडायची असेल तर अख्खी गवताची गंजी सुईशी संबंधित, असा हा न्याय. मग जगात असंबद्ध असं उरलं काय?

हे न्यायालयही साधं नव्हे. फॉरेन इंटेलिजन्स सर्व्हेलन्स कोर्ट असं त्याचं नाव. ते स्थापन झालं १९७८ साली, आणि चांगल्या हेतूने. त्याआधी सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने उघड केलं होतं की तारकंपन्या वर्षानुवर्षं परदेशी तारांच्या प्रती हेरखात्याला देत आल्या होत्या. असं पुन्हा होऊ नये म्हणून हे न्यायालय. पण तिथे बाजू एकाच पक्षाची, सरकारची, निकाल गुप्त. एका माणसावर पाळत ठेवायची परवानगी देताना अशी गुप्तता समजू शकते. चोराला आधी कळवून पोलीस जात नाहीत. मात्र २००६ नंतर या न्यायालयाने आणखी एक काम केलं. कायद्यातल्या शब्दाचा अर्थ लावला, आणि तो अर्थही गुप्त ठेवला.

खरी मेख ही आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. ते वाचता येत नसत, पण आपल्याला वाचता येत नाही हे तरी कळत असे. लिपीची किल्ली मिळाली की मजकूर उघडायचा. कलम २१५ चं उलटं. ते साध्या इंग्रजीत, सरकारी संकेतस्थळावर, कोणीही वाचावं असं होतं. लोकांनी वाचलं, विद्यार्थ्यांना शिकवलं, त्यावर लेख लिहिले. आणि ते सगळे दुसराच कायदा वाचत होते. वायडन यांनी मे २०११ मध्येच सिनेटमध्ये उभं राहून सांगितलं होतं की सरकारने या कायद्याचा गुप्तपणे काय अर्थ लावलाय हे कळेल तेव्हा लोक थक्क होतील आणि चिडतील. त्याहून अधिक ते बोलू शकत नव्हते, कारण तो अर्थ सांगणं हाच गुन्हा. कायदा करणाऱ्यांपैकी एक जण सभागृहात उभा राहून कायद्याचा अर्थ सांगू शकत नाही, हा प्रसंग कुठल्या नाटककाराने लिहिला असता तर आम्ही त्याला अतिशयोक्ती म्हटलं असतं. पॅट्रियट कायद्याचे एक मुख्य कर्ते जिम सेन्सेनब्रेनर यांनीही २०१३ साली सांगितलं की आपल्याला हा अर्थ अभिप्रेत नव्हता. अखेर ७ मे २०१५ रोजी न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की ‘संबंधित’ या शब्दाला एवढं ताणता येत नाही, या कलमाने अशा सरसकट गोळेबेरजेला परवानगीच दिलेली नाही. लक्षात घ्या, हा अर्थ उघड न्यायालयात तपासला गेला तो कागद फुटले म्हणूनच.

तिसरा शब्द ‘मेटाडेटा’. त्यावर फार वेळ घालवत नाही, पण आपला एक दुवा तिथे आहे. सरकारचं म्हणणं असं की बोलणं आम्ही ऐकत नाही, फक्त नोंदी बघतो. पाकिटावरचा पत्ता, आतलं पत्र नव्हे. आधार १९७९ च्या स्मिथ विरुद्ध मेरीलँड या निकालाचा. त्यात पोलिसांनी एका संशयिताच्या एका फोनवरून फिरवलेले नंबर टिपले होते. एक फोन आणि सगळा देश यांत काही फरक आहे की नाही, यावर डिसेंबर २०१३ मध्ये अकरा दिवसांच्या अंतराने दोन संघीय न्यायाधीशांनी परस्परविरुद्ध निकाल दिले. आम्ही एवढंच म्हणतो, एक चित्र डोळ्यांसमोर आणा. एक बाई सकाळी पॅथॉलॉजी लॅबला फोन करते, मग कर्करोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात, मग बँकेत, आणि शेवटी माहेरी. शेवटचा फोन पाऊण तास चालतो. पत्र उघडायची गरज उरली का? एनएसएचे माजी प्रमुख मायकल हेडन २०१४ मध्ये एका चर्चेत स्पष्टच बोलून गेले की मेटाडेटाच्या आधारे आम्ही माणसं मारतो.

आपला दुवा असा. फुटलेल्या कागदांत एनएसएचा एक तक्ता होता. मार्च २०१३ या एका महिन्यात कुठल्या देशातून किती माहिती आली याचा. इराण, पाकिस्तान, जॉर्डन, इजिप्त आणि पाचवा भारत, ६.३ अब्ज नोंदी. त्यावर आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद जुलैमध्ये म्हणाले की ही खऱ्या अर्थाने हेरगिरी नाही, संदेश उघडून पाहिलेले नाहीत, कॉल आणि ईमेलच्या आकृतिबंधांचं संगणकाने केलेलं विश्लेषण आहे. म्हणजे ज्याच्या घरात चोरी झाली तोच चोराची व्याख्या पाठ म्हणून दाखवतोय. पुढच्याच वर्षी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने छापलेल्या २०१० सालच्या यादीत भारतीय जनता पक्षाचं नाव, पाळत ठेवायला परवानगी असलेल्या परदेशी राजकीय संघटनांमध्ये, निघालं. तो पक्ष नुकताच सत्तेवर आलेला, तेव्हा मात्र दिल्लीने अमेरिकी अधिकाऱ्याला बोलावून जाब विचारला. सहा अब्ज नोंदी विश्लेषण, आणि एक नाव हेरगिरी. असो.

आता राष्ट्रीय सुरक्षा. गोपनीयतेच्या बाजूने बोलणारे इथे घाईघाईने पुढे सरकतात. मुंबई पाहिलेल्या माणसाला ते शोभत नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला १६६ माणसं गेली. थोडी पाळत जास्त असती तर ती वाचली असती का, हा प्रश्न विचारणारा माणूस हुकूमशाहीचा भाट नसतो. त्याच्या घरचं कोणी गेलेलं असू शकतं.

आणि स्नोडेनच्या कागदांनी या प्रश्नाचंही थोडं उत्तर दिलंय. डिसेंबर २०१४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘प्रोपब्लिका’ आणि ‘फ्रंटलाइन’ यांनी मिळून एक वृत्तान्त दिला. लष्कर-ए-तैयबाचा तंत्रज्ञ झरार शाह २००८ च्या शरद ऋतूत हल्ल्याची जुळवाजुळव करत होता. इंटरनेटवरून फोन करण्याची व्यवस्था त्याने अशी लावली की कॉल न्यू जर्सीतून आल्यासारखा भासावा. हल्ल्याच्या जागा तो नकाशांवर शोधत होता. आणि या सगळ्या काळात ब्रिटिश हेरसंस्थेची त्याच्या इंटरनेट वापरावर नजर होती. भारतीय यंत्रणेचीही त्याच्यावर पाळत होती. अमेरिकेकडे आणखी वेगळ्या वाटांनी इशारे आलेले होते आणि तिने ते दिल्लीला कळवलेही होते. तिन्ही देशांकडे तुकडे होते. ते जुळले हल्ला सुरू झाल्यावर.

दुसरं नाव डेव्हिड हेडली. या माणसाने मुंबईत येऊन ताजपासून सगळ्या जागांची टेहळणी केली. त्याच्या एका पत्नीने हल्ल्याच्या बऱ्याच आधी इस्लामाबादच्या अमेरिकी वकिलातीत जाऊन त्याच्याविषयी सांगितलं होतं. तिच्या सांगण्याला ना मेटाडेटा लागत होता ना उपग्रह. समोर बसलेल्या बाईचं म्हणणं लिहून घेऊन कोणीतरी पुढे पाठपुरावा करायचा होता. २०१३ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी हेडली पकडला जाणं हे आपल्या कार्यक्रमांचं यश म्हणून सांगितलं. तो पकडला गेला ऑक्टोबर २००९ मध्ये, डेन्मार्कमधल्या एका वृत्तपत्रावर हल्ल्याची तयारी करताना. मुंबई होऊन जवळपास वर्ष झालं होतं.

झरार शाहवर पाळत होती याला आमची काडीचीही हरकत नाही, उलट ती अधिक नीट हवी होती. आमचं भांडण आहे ते ‘सगळ्यांवर ठेवली म्हणजे त्याच्यावरही राहील’ या हिशेबाशी. मुंबईत कमी पडलं ते गवत नव्हे. हातात आलेली सुई सुई आहे हे ओळखणारा माणूस कमी पडला, आणि एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात कागद वेळेवर जाणं कमी पडलं.

अमेरिकेतली आकडेवारीही हेच सांगते. २०१३ च्या जूनमध्ये एनएसएचे प्रमुख जनरल कीथ अलेक्झांडर यांनी पन्नासहून अधिक कट उधळल्याचा दावा केला. ५४ हा आकडा गाजला. सिनेटर पॅट्रिक लेही यांनी खोदून विचारल्यावर तो घसरत घसरत, फोन-नोंदींपुरता, एक किंवा दोनवर आला. सरकारच्याच गोपनीयता मंडळाने जानेवारी २०१४ च्या अहवालात लिहिलं की कुठल्याही दहशतवाद-तपासाचा निकाल या फोन-नोंदींमुळे ठोसपणे बदलल्याचं एकही उदाहरण मिळालं नाही. अज्ञात संशयित सापडल्याचं काय ते एक प्रकरण, सॅन डिएगोतल्या एका टॅक्सीचालकाचं. सोमालियातल्या अल-शबाबला सुमारे साडेआठ हजार डॉलर पाठवल्याच्या आरोपाचं. कट नव्हे, मनीऑर्डर. आणि २०२० मध्ये अपील न्यायालयाने त्याची शिक्षा कायम ठेवतानाच हा नोंदी-कार्यक्रम बेकायदा होता असं म्हटलं.

मग सुधारणा झाली. जून २०१५ मध्ये फ्रीडम कायदा आला, नोंदी कंपन्यांकडेच राहू लागल्या, नाव घेऊन मागायच्या. तरी २०१७ या एका वर्षात ४० लक्ष्यांच्या निमित्ताने ५३ कोटींहून अधिक नोंदी एनएसएकडे आल्याच. २०१८ मध्ये तांत्रिक गोंधळामुळे, नको त्या नोंदी आल्या म्हणून, त्या पुसाव्या लागल्या. २०१९ मध्ये कार्यक्रम बंद पडला आणि मार्च २०२० मध्ये कलमाची मुदतच संपली. चार वर्षांत सुमारे दहा कोटी डॉलर खर्च, आणि हाती लागलेला दखल घेण्याजोगा तपास एक. बैल गेला आणि झोपा केला, अशी आपली म्हण आहे. इथे ज्या गोठ्यात बैलच नव्हता त्याला झोपा केला, आणि बैल बांधलेला दुसरा गोठा तसाच उघडा ठेवला.

दुसरा गोठा म्हणजे कलम ७०२. हे २००८ चं. यात बोलणं, ईमेल, आतलं पत्र, सगळं येतं. अट अशी की ‘लक्ष्य’ अमेरिकेबाहेरचा परदेशी माणूस हवा. प्रत्येकासाठी वॉरंट लागत नाही, न्यायालय वर्षातून एकदा कार्यपद्धतीला मान्यता देतं. अशी लक्ष्यं २०१३ मध्ये सुमारे ८९ हजार होती, २०२३ मध्ये सुमारे २ लाख ६८ हजार. आणि प्रामाणिकपणे सांगायला हवं की हे कलम उपयोगी आहे. ज्या मंडळाने फोन-नोंदींना निरुपयोगी ठरवलं, त्यानेच जुलै २०१४ मध्ये या कार्यक्रमाचं मोल मान्य केलं. म्हणूनच हे प्रकरण जास्त अवघड. निरुपयोगी पाळतीविरुद्ध बोलणं सोपं असतं.

यातले शब्द दोन, ‘लक्ष्य’ आणि ‘आनुषंगिक’. समजा, पुण्यातला एखादा माणूस लक्ष्य ठरला. गुन्हेगार असायला हवा असं नाही. त्याच्याकडून परकी गुप्तवार्ता मिळेल असं वाटलं की पुरे, आणि त्या व्याख्येत परराष्ट्र-व्यवहाराला लागणारी माहितीही येते. त्याची बहीण न्यू जर्सीत आहे, अमेरिकी नागरिक आहे. तिचे ईमेल ‘आनुषंगिक’ म्हणून येतात. आनुषंगिक हा शब्द ऐकला की वाटतं चुकून, ओघात आलेलं. पण फोनला दोन टोकं असतात हे काय चुकून कळणारं आहे? मग एफबीआयला त्या साठ्यात बहिणीचं नाव घालून शोधता येतं, वॉरंट न घेता. मे २०२३ मध्ये खुल्या झालेल्या निकालात असे गैरशोध दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजारांवर निघाले. त्यांत जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर निदर्शनं करणारे होते आणि ६ जानेवारीचे संशयितही. दोन्ही पक्षांची माणसं, बरं का.

आता या कुटुंबातल्या तिसऱ्याकडे बघू, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरात तो आहे. बहिणीच्याच गावात राहणारा, एच-१बी व्हिसावरचा भाचा. या कायद्याच्या भाषेत अमेरिकी व्यक्ती म्हणजे नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला. भाचा त्यात बसत नाही. तो एडिसनला असतो तोवर ७०२ खाली लक्ष्य होऊ शकत नाही, कारण तो अमेरिकेच्या भूमीवर आहे. गणपतीला पुण्याला आला की होऊ शकतो. तोच माणूस, तोच फोन. आम्ही हे कोणाला घाबरवायला सांगत नाही. त्याच्यावर कोणी पाळत ठेवेल असंही नाही. हक्क माणसाला चिकटलेला आहे की व्हिसाला आणि जागेला, एवढं पाहावं. युरोपातल्या मॅक्स श्रेम्सने हाच प्रश्न न्यायालयात नेला आणि युरोप-अमेरिका डेटा-करार दोनदा रद्द करवले. आपल्या बाजूने असं कोणी गेलेलं नाही.

अमेरिकेतच लोक न्यायालयात गेले नव्हते असं नाही. वकील, पत्रकार, मानवाधिकार संघटना गेल्या होत्या. २६ फेब्रुवारी २०१३ ला, क्लॅपर यांच्या त्या उत्तराच्या दोन आठवडे आधी, सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांना परत पाठवलं. तुमच्यावर पाळत आहे हे तुम्ही दाखवू शकत नाही, तुमची भीती अंदाजावरची आहे, म्हणून दाद मागण्याचा हक्क नाही. पुरावा आणा, पुरावा गुप्त आहे. सॉलिसिटर जनरलनी न्यायालयाला धीर दिला होता की ज्याच्यावर अशा माहितीवरून खटला भरला जाईल त्याला तसं कळवलं जातं, तो आव्हान देऊ शकेल. कागद फुटल्यावर चौकशी झाली तेव्हा निघालं की तसं कोणालाच कळवलं जात नव्हतं. पहिली सूचना दिली गेली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये.

म्हणून आम्ही नायक-खलनायकाचा वाद बाजूला ठेवला. लॉरा पॉइट्रसचा ‘सिटिझनफोर’ हा माहितीपट उत्तम आहे, ऑस्करही त्याला मिळालं. पासवर्ड टाकताना स्नोडेन डोक्यावरून लाल कापड ओढून घेतो, ते दृश्य आम्ही विसरणार नाही. पण कॅमेऱ्याला खोली लागते, चेहरा लागतो, आणि ‘संबंधित’ या शब्दाला चेहरा नाही. स्नोडेनचं आत्मचरित्र ‘पर्मनंट रेकॉर्ड’ बालपणात रमतं आणि यंत्रणेचं वर्णन झकास करतं. कायद्यातला शब्द कसा वाकवला गेला हे सांगताना पानं भराभर उलटतात. उलट बाजूलाही दम आहे. त्याने नेलेल्या बऱ्याच कागदांचा नागरिकांच्या गोपनीयतेशी संबंध नव्हता, असं अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने म्हटलं. चीनमधल्या संगणकांवरच्या अमेरिकी हेरगिरीचे तपशील त्याने हाँगकाँगच्या वृत्तपत्राला दिले; त्यात कुठल्या अमेरिकी नागरिकाचा हक्क राखला गेला हे आम्हाला आजही उमगलेलं नाही. पण त्याच्या गुणदोषांवर वर्षानुवर्षं बोलत राहिलं की ज्यांनी अर्थ गुप्त ठेवला त्यांना प्रश्न विचारायला वेळ उरत नाही.

शेवटचा शब्द अगदी अलीकडचा. एप्रिल २०२४ मध्ये कलम ७०२ ला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. अमेरिकनांचं नाव घालून शोधायचं तर वॉरंट घ्या, ही दुरुस्ती प्रतिनिधिगृहात २१२ विरुद्ध २१२ अशी पडली. त्याच विधेयकात ‘दळणवळण-सेवा देणारा’ या शब्दाची व्याख्या रुंदावली. पूर्वी त्यात फोन आणि ईमेलच्या कंपन्या येत. आता ज्या उपकरणांतून संदेश जातात किंवा साठतात, त्यांच्यापर्यंत ज्याचा हात पोहोचतो असा कुठलाही सेवा पुरवणारा येतो. एवढी रुंद व्याख्या नेमकी कोणासाठी हवी होती? ते गुप्त. सिनेटच्या गुप्तचर समितीच्या अध्यक्षांनी ती अधिक नेमकी करू असं आश्वासन दिलं. सभासदांनी मतदान केलं ते एका शब्दावर, आणि त्याचा खरा पत्ता बंद पाकिटात होता.

त्या व्याख्येला काही अपवाद जोडले आहेत. राहती घरं नाहीत, हॉटेल-लॉज नाहीत, सामुदायिक वापराच्या जागा नाहीत, आणि खानावळी नाहीत. हेरगिरीच्या कायद्यात खानावळ वगळली असं लिहावं लागलं, यावरून मूळ व्याख्या किती पसरली होती ते बघा. न्हाव्याचं दुकान, कोचिंग क्लास, वाय-फाय दुरुस्त करायला येणारा मुलगा, यांचं नाव त्या अपवादांत आम्हाला सापडलं नाही.

वेळ होत आलीय. प्रश्न घेऊ.